चौथी ओळ

"ही व्याख्या कोणी लिहिली?"

वकिलाने टेबलावर निकालाची प्रत ठेवली आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेल्या ओळींवर बोट टेकलं. मी चष्मा लावून वाचलं. 'मासेमारी: होडीतून जाळी, गळ, पाग इ. टाकून समुद्रातील वा नदीतील मासे पकडण्याचा कोळी, गाबीत इ. लोकांचा धंदा.' खाली आमच्या कोशाचं नाव, खंड तिसरा आणि पानाचा आकडा.

"मी," मी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर जरा मान ताठ करूनच म्हणाले. सतरा वर्षं पुण्यात कोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या चिकटवल्यावर आपलं वाक्य कोर्टाच्या निकालात दिसलं, तर कोणाला बरं वाटणार नाही? मला वाटलं. फार वेळ नाही वाटलं.

"मग बाई, तुमच्या या तीन ओळींनी आमच्या खारवेळच्या साठ बायकांची खाडी गेली," वकील म्हणाला.

त्याचं नाव सुहास तोडणकर. वय तिशीच्या आतलं, कोट उन्हाने विटलेला, आणि रात्रभर एसटीत बसून आल्यामुळे डोळे लाल. त्याच्यासोबत साठीकडे झुकलेली एक बाई होती. खुर्चीच्या कडेवर, केव्हाही उठता येईल अशी ती बसली होती आणि आमच्या कपाटांकडे बघत होती. भागीरथी मेतर. गावात तिला सगळे भागीआक्का म्हणत.

हकिगत अशी होती. खारवेळच्या खाडीकाठचा चिखलाचा मोठा पट्टा कोळंबीची शेती करणाऱ्या एका कंपनीने भाड्याने घेतला होता. करारात एक कलम होतं की स्थानिकांच्या परंपरागत मासेमारीला बाधा येणार नाही. तरी कंपनीने पट्ट्याला कुंपण घातलं. होड्या खोल पाण्यातून ये-जा करत, त्यामुळे पुरुषांचं काही अडलं नाही. पण ओहोटीला त्याच चिखलात उतरून गावातल्या बायका शिंपल्यांतल्या तिसऱ्या, कालवं, खेकडे हाताने काढत, आणि आता तिथे पहारेकरी उभा होता. बायका कोर्टात गेल्या. 'मासेमारी' म्हणजे काय हे करारात कुठेच सांगितलेलं नव्हतं.

"कायद्यात किंवा करारात शब्द समजावून दिलेला नसला, की त्याचा रोजच्या वापरातला अर्थ घ्यायचा," तोडणकर म्हणाला. "आणि त्यावर वाद झाला की कोश उघडायचा. कंपनीच्या वकिलांनी पाच कोश उघडले. बायकांकडे होडी नाही, जाळं नाही, गळ नाही. म्हणजे ही मासेमारी नव्हे, ही नुसती वेचणी. खालच्या कोर्टाने मान्य केलं. आता जिल्ह्याच्या कोर्टात अपील आहे, पुढच्या सोमवारी. ते हरलो की कुंपण कायमचं."

"हे पाहा, वाईट झालं," मी म्हणाले. "पण व्याख्या ऐकीव नाही. मी स्वतः खारवेळला येऊन, विचारून लिहिली आहे."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. "तू मासे खातंस काय गो, बाये?"

"नाही."

"तरी म्हटलंय."

मी शरयू नातू, वाईची. घरात अंड्याचंही नाव निघत नसे. मग मासेमारी माझ्याकडे कशी आली, तर आमच्याकडे काम अक्षरांनी वाटून देत. मला 'म' आला. त्यामुळे मटण, मदिरा आणि मासेमारी या तिन्ही गोष्टी, ज्यांना जन्मात हात लावला नव्हता, त्या माझ्या गळ्यात पडल्या. शेजारच्या टेबलावरच्या, बांगड्यावर ताव मारणाऱ्या सहकाऱ्याकडे 'उ' होता आणि तो उपासाचे पदार्थ लिहीत बसला होता. हे आम्हाला त्या वेळी मुळीच विचित्र वाटलं नाही, आणि चुकीचं म्हणाल तर तेच.

"कोणाक इचारलंस?" भागीआक्काने विचारलं.

"बंदरावरच्या माणसांना."

"खयच्या येळार?"

"सकाळी. अकराच्या सुमाराला असेल."

"भरती होती की सुकती?"

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला कोशकार म्हणून माहीत होतं. त्या दिवशी समुद्र काय करत होता, ते मात्र अजिबात सांगता येईना.

मग मी उठून नोंदवही काढली. आमच्या कोशातला प्रत्येक शब्द चिठ्ठीवरून येई. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, तिच्यावर शब्द, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि कोपऱ्यात गाव, तारीख, वेळ आणि माहितगाराचं नाव. नोंदवहीत सापडलं: मासेमारी, खारवेळ बंदर, माहितगार धाकू मेतर, तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या.

"हे धाकू मेतर कोण? तुमच्यातले का?" मी भागीआक्काला विचारलं.

तिने मान खाली घातली आणि पदर सारखा केला. उत्तर तोडणकरने दिलं. "यांचे यजमान. त्या नाव घेत नाहीत. सहा वर्षांपूर्वी वारले."

"म्हंजे माझ्याच घोवाक इचारलंस," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं समजून घेतल्यासारखं. "तेंनी होडयेचाच सांगितल्यानी असतला. तेंका होडयेच्या पुढे काय दिसा नाय. जल्मात माझ्या कामाक एक बरो सबूद बोलूक नाय म्हातारो."

जुन्या चिठ्ठ्यांच्या खोलीची किल्ली आमचे संपादक वैशंपायन यांच्याकडे असे आणि ते त्या दिवशी मुंबईला गेले होते. तोडणकर आणि भागीआक्का दुपारच्या गाडीने परत गेले. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. "माका आठावता तू," ती म्हणाली. "केस आखूड होते तुझे. आमच्या सोप्यार बसान कोरी चाय पिल्लंस." मला ती मुळीच आठवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. चिठ्ठी सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझी शिस्त त्या बाबतीत पक्की आहे. अक्षर माझं, शाई माझी, आणि खालच्या भागावर निळ्या पेन्सिलीने मारलेली फुलीही माझीच. मी ती दोनदा वाचली. मग तिथल्या स्टुलावर बसले आणि तिसऱ्यांदा वाचली.

वैशंपायन दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना चिठ्ठी दाखवली आणि सोमवारी साक्षीला जाणार असल्याचं सांगितलं.

"शरयूबाई, कोश साक्षीला जात नाही," ते म्हणाले. "आज एका शब्दाला चुकलं म्हणालात तर उद्या लोक प्रत्येक शब्दाचा जाब विचारतील. पन्नास वर्षांचं काम आहे हे. छापलं ते छापलं."

"कोश नाही जात. मी जाते. हा रजेचा अर्ज."

"आणि चिठ्ठी?"

चिठ्ठी बाहेर काढली की तिच्या जागी लाल पुठ्ठा ठेवायचा आणि त्यावर आपलं नाव लिहायचं, असा नियम होता. मी त्यांच्यादेखत पुठ्ठा काढला, सही केली आणि खणात सरकवला. वैशंपायनांनी वाकून तो पुठ्ठा पुन्हा बाहेर ओढला. मग म्हणाले, "तारीख घालायची राहिली." मी तारीख घातली. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ते चहाला गेले. माणूस नियमाचा होता, पण वाईट नव्हता.

सोमवारी कोर्टात उकाडा मरणाचा होता. न्यायाधीश शिंत्रे पन्नाशीचे, बोलण्यात तुटक. कंपनीचे वकील वालावलकर म्हणजे जिल्ह्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या टेबलावर पाच कोश एकावर एक रचलेले होते आणि प्रत्येकातून पांढरी खूण डोकावत होती. मागच्या बाकांवर खारवेळच्या पंधरा-वीस बायका दाटीने बसल्या होत्या आणि भागीआक्का भिंतीकडेला.

अपिलात नवा साक्षीदार कशाला, म्हणून वालावलकरांनी हरकत घेतली. शिंत्रे म्हणाले, "खालचा सगळा निकाल एका व्याख्येवर उभा आहे, आणि ती लिहिणारी व्यक्ती हयात आहे. मला निकाल लिहायला त्यांची गरज आहे. या, बाई."

मी शपथ घेतली. तोडणकरने विचारायचं ते थोडक्यात विचारलं आणि मी चिठ्ठी न्यायाधीशांच्या हाती दिली. त्यांनी ती पाहून बाजूला ठेवली. मग वालावलकर उठले.

"आपण मासे खाता?"

"नाही."

"कधी पकडलेत?"

"नाही."

"मग आज अचानक मासेमारीतल्या जाणकार कशा झालात?"

"मी आजही जाणकार नाही," मी म्हणाले. "गेली दोन वर्षं तुम्हीच मला जाणकार मानताय. हा कोश कोर्टात तुम्ही आणलात, मी नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वालावलकर मुरलेले होते. तेही हसले आणि त्यांनी कोशांच्या थप्पीवर हात ठेवला. "ठीक आहे. एक कोश चुकला असेल. पण पाच? पाच वेगवेगळे विद्वान एकच चूक करतील?"

"जरा पाहू का ते?"

शिंत्र्यांनी मान हलवली. शिपायाने पाचही कोश माझ्यापुढे आणून ठेवले. मी खुणेची पानं एकेक करून उघडली, आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्याच फुटायला लागल्या, कारण हे माझं राज्य होतं.

"साहेब, हा पहिला आमचा, अठ्ठ्याहत्तर सालचा. बाकीचे चारही नंतरचे. पाचहींत 'जाळी, गळ, पाग' आहे. पाग म्हणजे हाताने भिरकावून टाकायचं जाळं. आता खरं तर जाळी म्हटल्यावर पाग त्यात आलाच, तो वेगळा सांगायची गरज नव्हती. मग तो पाचही ठिकाणी का आहे, आणि तिसराच का आहे? कारण चौऱ्याहत्तर साली खारवेळच्या बंदरावर धाकू मेतर नावाच्या तांडेलाने माझ्यासमोर बोटं मोजत तो तिसरा सांगितला. मी लिहिला. या चौघांनी माझा उतरवला. हे पाच साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार पाच कोट घालून आला आहे, आणि तो मी आहे."

शिंत्र्यांनी पाचही पानं मागवून घेतली आणि स्वतः ताडून पाहिली.

वालावलकरांनी सूर बदलला. "म्हणजे आपण चुकलात, हे कबूल करता?"

"करते."

"मग या कोशातल्या बाकीच्या ऐंशी हजार शब्दांवर आम्ही विश्वास ठेवायचा की नाही?"

हा प्रश्न येणार, हे मला वैशंपायनांनी आधीच सांगितलं होतं. रात्रभर मी त्याचं चांगलं भारदस्त उत्तर तयार केलं होतं. ते त्या क्षणी पार विसरले. "ठेवा," मी म्हणाले. "पण वाद पडला तर पानाशी थांबू नका, आम्ही कोणाला विचारलं तेही विचारा. मी बंदरावर गेले. बंदरावर पुरुष होते. बाई असून मी एकाही बाईला विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?"

"त्या बंदरावर नव्हत्या."

"कुठे होत्या?"

"खाडीत. मासेमारी करत."

वालावलकर खाली बसले. त्यांनी तो शेवटचा प्रश्न विचारायला नको होता, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

शिंत्र्यांनी बाजूला ठेवलेली चिठ्ठी उचलली. "बाई, यातला निळी फुली मारलेला भाग काय आहे?"

"तो छापला नाही, साहेब. प्रत्येक शब्दाला तीन ओळी, असा आमच्याकडे नियम होता. ही चौथी ओळ होती. वाक्य चांगलं होतं, पण मला वाटलं, हे घरगुती बोलणं आहे, व्याख्येत कशाला? म्हणून कापलं."

"वाचून दाखवा. मोठ्याने."

मी चिठ्ठी हातात घेतली. मालवणी माझ्या जिभेवर बसत नाही, पण लिहिलं होतं जसंच्या तसं, आणि तसंच वाचलं.

"'भरतीक आमी दर्यात, सुकतीक बायलमाणसां खाडयेत. मासेमारी दोघांची. माझी बायल हातान काढता, तितकी मासळी माझ्या जाळ्यात कधी गावली नाय.' माहितगार, धाकू मेतर. आणि कंसात माझी टीप आहे: 'बंदरावरून मेतरांच्या सोप्यावर आलो. घरची बाई आत्ताच आली, कमरेपर्यंत चिखल, टोपली भरलेली. बोलायला वेळ नाही. चहा दिला.'"

मी वर पाहिलं. मागच्या बाकांवरच्या सगळ्या बायका भिंतीकडे वळल्या होत्या. भागीआक्काने पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. चौऱ्याहत्तर साली त्या सोप्यावर बसून मी तिला पाहिलं होतं, तिने दिलेला चहा प्यायले होते, तिच्याबद्दल लिहिलं होतं, आणि पुण्याला येऊन एका फुलीत तिला खोडून टाकलं होतं. नवऱ्याने मात्र सांगायचं ते सांगितलं होतं. फक्त तिला सोडून, परगावच्या पोरीला.

"ही चिठ्ठी निशाणी म्हणून दाखल करून घ्या," शिंत्रे कारकुनाला म्हणाले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. तोडणकरने तारेने कळवलं आणि मागाहून प्रत पाठवली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'कामाचा अर्थ ते काम करणाऱ्यांना विचारावा, कोशाने तो विचारला होता, उत्तरही मिळाले होते, केवळ छापायचे राहिले.' कुंपण काढायचा हुकूम झाला. वैशंपायनांनी ते पान वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत 'मासेमारी'ला चार ओळी घ्या. पण एवढ्या एकाच शब्दाला." चिठ्ठी कोर्टातच राहिली. लाल पुठ्ठा आमच्या खणात अजून आहे, माझ्या नावाचा.

कुंपण निघालं त्या दिवशी मी खारवेळला गेले. या वेळी आधी विचारून, सुकती पाहून. कुंपणाचे खांब उपटून काठावर टाकले होते आणि साठही बायका चिखलात उतरल्या होत्या, कासोटे मारून, टोपल्या मागे ओढत. मी काठावरच्या खडकावर चपला हातात घेऊन उभी. वाईची असले तरी एवढं कळत होतं की इथे पाय टाकला तर मला ओढून काढायला चार जणी लागतील.

भागीआक्का बरीच आत गेली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, तोंड माझ्याकडे. तिने दोन्ही हातांच्या ओंजळीतून तिसऱ्या वर काढून मला दाखवल्या.

"खातलंस?" ती ओरडली.

"नाही!"

बायका हसल्या. ती पुन्हा वाकली, मग मध्येच थांबली आणि उभी राहिली.

"गो बाये," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा वेगळा होता. "तेंनी बोलल्यानी ता परत सांग मगे. त्या दिवशी कोर्टात माका धड आयकूक येवक नाय. कान भरान इल्ले."

कागद माझ्याजवळ नव्हता आणि लागणारही नव्हता. मी चपला खाली ठेवल्या, तोंडाभोवती हात धरले आणि खाडीच्या पलीकडल्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात धाकू मेतरचं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. बायकांचे हात थांबले होते.

"आणि एकदा," भागीआक्का म्हणाली.

मी आणखी एकदा सांगितलं.